साडेसात हजारांची इलेक्ट्रो-अकॉस्टिक गिटार : तपासायची कशी, जुळवायची कशी?



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. मी प्राथमिक शिक्षिका आहे, संगीत शिक्षिका नाही. डी.एड.ला असताना हॉस्टेलवर एका मैत्रिणीच्या गिटारवर चार कॉर्ड शिकले, तेवढीच माझी पुंजी. पण गेल्या वर्षी आमच्या शाळेत लोकवर्गणीतून एक गिटार आली. तिने मला जे शिकवलं ते तुमच्यापर्यंत पोहोचावं, म्हणून हा लेख.

झालं असं, की परिपाठाला हार्मोनियम होती, पण ती वाजवणारे सर बदली होऊन गेले. मुलांना गिटारचं फार आकर्षण. शाळा व्यवस्थापन समितीत विषय निघाला आणि पालकांनी वर्गणी काढली. कुणी पाचशे दिले, कुणी शंभर. शंभर देणाऱ्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या आयाही होत्या. साडेसात हजार जमले आणि त्यात ऑनलाइन एक इलेक्ट्रो-अकॉस्टिक गिटार मागवली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीत कोणत्याही कंपनीची घेतलीत तरी तपासायच्या गोष्टी याच आहेत.

पाचवीतली एक मुलगी सगळ्यात उत्साही. रोज मधल्या सुट्टीत हजर. पंधरा दिवसांनी ती यायची बंद झाली. आई भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, नको ते गिटार. बोटं एवढी दुखतात की तिला पेन्सिल धरवत नाही." मी म्हणाले, "अहो, सुरुवातीला दुखतंच, सवय होते." आणि नोंदवहीत मी तिच्यापुढे लिहिलं, ‘सरावात सातत्य नाही.’

ही नोंद चुकीची होती. ती का चुकीची होती, ते या लेखात मोजून दाखवते.

आधी ओळख : इलेक्ट्रो-अकॉस्टिक म्हणजे काय?

साधी अकॉस्टिक गिटार म्हणजे पोकळ लाकडी पेटी. तार कंपन पावते, ते कंपन घोडीतून पेटीच्या वरच्या फळीत जातं आणि आवाज मोठा होतो. इलेक्ट्रो-अकॉस्टिकमध्ये हे सगळं असतंच. शिवाय घोडीतल्या पांढऱ्या पट्टीखाली (या पट्टीला सॅडल म्हणतात) एक बारीक पट्टी असते. तिला पिझो पिकअप म्हणतात.

पिझो हा शब्द अवघड वाटतो, पण वस्तू आपल्या स्वयंपाकघरातली आहे. गॅस पेटवायच्या लायटरचं बटण दाबलं की ‘टक्’ आवाज होऊन ठिणगी पडते. त्यात एक खास पदार्थ असतो, ज्यावर दाब पडला की वीज निर्माण होते. हा गुणधर्म झाक आणि पिअर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला. (पिअर म्हणजे मारी क्युरींचे पती, मुलांना हे नक्की सांगा.) गिटारमध्ये तारेच्या कंपनाने सॅडलखालच्या पट्टीवरचा दाब कमीजास्त होतो, त्याप्रमाणे अगदी क्षीण वीज तयार होते, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअॅम्प ती सशक्त करतो आणि वायरीतून ती स्पीकरला जाते.

बाकी भागांची नावं आपल्या वाद्यांवरून समजावणं सोपं जातं. खुंट्या त्याच. सतारीला पडदे, तसे इथे फ्रेट. तारा जिथे मानेच्या टोकाला खाचेत बसतात ती पट्टी म्हणजे नट. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती ट्रस रॉड.

ही सळई कशाला? तर नेहमीच्या १२ नंबरच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलो वजनाइतका असतो. एक मोठा माणूस मानेला कायम लटकलेला आहे असं समजा. लाकूड वाकणारच. त्याला उलट बाजूने आधार देते ती ट्रस रॉड.

लक्षात ठेवायचं सूत्र : आधी मोजा, मग ठरवा, मगच हत्यार लावा

ऑनलाइन वस्तू परत करायला ठराविक दिवस असतात. एकदा स्क्रू फिरवला, पट्टी घासली की वस्तू परत घेत नाहीत. म्हणून पहिल्या दोन दिवसांत फक्त मोजमाप करायचं. आम्ही हे केलं नाही. गिटार आली, नारळ फोडला, हार घातला आणि वाजवायला घेतली. मोजलं तेव्हा मुदत संपून गेली होती.

साहित्य घरातलंच लागतं :
- मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी
- झेरॉक्सचे कोरे कागद
- मोबाइलवरचं ट्यूनर अॅप (मोफत मिळतं)
- कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा)
- वही-पेन

कागद कशाला? झेरॉक्स कागदाचा ५०० पानांचा गठ्ठा घ्या आणि त्याची जाडी मोजा. साधारण ५० मिमी, म्हणजे ५ सेंमी भरते. ५० भागिले ५०० = ०.१ मिमी. म्हणजे एक कागद म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग! दशांश अपूर्णांक शिकवताना मी फळ्यावर कितीदा ०.१ लिहिलं असेल, पण तो मुलांच्या चिमटीत पहिल्यांदा आला तो असा. महागडं मापक आणायची गरज नाही. कागदाच्या पट्ट्या कापा आणि फटीत किती बसतात ते मोजा.

भाग १ : तपासणी (काही न उघडता)

*१. नजरेची तपासणी.* गिटार उलटसुलट करून बघा. घोडी फळीपासून मागच्या बाजूने उचलली गेली आहे का? तिथे कागद सरकवून बघा. कागद आत गेला तर गिटार परत करा, वाद घालू नका. मानेच्या टोकाकडून एक डोळा मिटून घोडीकडे बघा, जसे सुतार फळी बघतात. मान थोडी आत वाकलेली असेल तर चालतं, पण पिळलेली असेल (एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी) तर घरी दुरुस्त होत नाही. मानेच्या कडेवरून हात फिरवा. फ्रेटची टोकं बोचतात का?

*२. सूर लावा.* बाकी सगळी मोजमापं सुरात लावल्यावरच घ्यायची, कारण ताण बदलला की मानेचा बाक बदलतो. जाडपासून बारीक तारेकडे :

सहावी – ई – ८२.४ हर्ट्झ
पाचवी – ए – ११० हर्ट्झ
चौथी – डी – १४६.८ हर्ट्झ
तिसरी – जी – १९६ हर्ट्झ
दुसरी – बी – २४६.९ हर्ट्झ
पहिली – ई – ३२९.६ हर्ट्झ

सहावीच्या बरोबर चौपट पहिली आहे, म्हणजे दोन सप्तकं वर. ज्यांना हार्मोनियम येते त्यांच्यासाठी : सहाव्या तारेला सा धरलं तर पाचवी शुद्ध मध्यम, चौथी कोमल निषाद, मग वरच्या सप्तकात तिसरी कोमल गंधार, दुसरी पंचम आणि पहिली त्याच्या वरचा सा.

*३. मानेचा बाक.* पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. दुसऱ्या हाताने सहावी तार जिथे मान पेटीला मिळते तिथे (बहुतेक गिटारला १४ वा फ्रेट) दाबा. आता तार ही सरळ रेषा झाली. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती कागद बसतात? १ ते ३ बसले तर ठीक. आमच्याकडे ५ बसले. म्हणजे ०.५ मिमी, बाक जास्त.

*४. तारांची उंची.* सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप हेच. कॅपो काढा. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत किती अंतर आहे? सहाव्या तारेला साधारण २.५ मिमी आणि पहिल्या तारेला २ मिमी असेल तर हात सुखात राहतो. आमची गिटार : सहावी ३.६ मिमी, पहिली ३.२ मिमी.

एक मिलिमीटर म्हणजे काय एवढंसं, असं वाटेल. पण ज्या बोटांची हाडं अजून वाढतायत त्या बोटांना ही तार दिवसातून शेकडो वेळा खाली दाबायची असते. मी स्वतः दहा मिनिटं वाजवून पाहिलं तर माझंच मनगट भरून आलं. आणि मी त्या पोरीला सवयीच्या गोष्टी सांगत होते!

*५. नटची उंची.* तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर बोटाने हळूच टिचकी द्या. तिथे अगदी बारीक फट हवी, एक कागद जेमतेम जावा इतकी. फट अजिबात नसेल तर मोकळी तार झणझणते. फट मोठी असेल तर पहिल्या तीन फ्रेटवर तार दाबणं कठीण जातं आणि नवशिका नेमका तिथेच वाजवत असतो! आमच्या गिटारला तीन कागद जात होते.

*६. सुरांचा खरेपणा.* मोकळी तार अॅपवर बरोबर लावा. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. स्वर तोच, एक सप्तक वर यायला हवा. अॅप फरक ‘सेंट’मध्ये दाखवतं. दोन शेजारच्या स्वरांत (सा आणि कोमल रे) १०० सेंट असतात. ५ सेंटच्या आत फरक असेल तर कानाला खुपत नाही. आमच्या सहाव्या तारेत १२ सेंटचा फरक होता, चढा. याचं एक कारण उंचीतच आहे : तार उंच असेल तर दाबताना ती जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. तारा जुन्या, गंजलेल्या असतील तरी असा फरक येतो, म्हणून तेही बघा.

*७. प्रत्येक स्वर वाजवा.* आमच्या गिटारला २० फ्रेट, ६ तारा, म्हणजे १२० स्वर. एक मुलगा वाजवणार, दुसरा तक्त्यात खूण करणार. कुठे झणझण येते? इथे एक गंमत सांगते. तंबोऱ्यात आपण मुद्दाम जवारी काढतो. मिरजेचे कारागीर घोडीला असा सूक्ष्म उतार देतात की तार तिला निसटती घासत राहते, आणि घोडीवर तारेखाली दोरा सरकवून ती झणझण नेमकी जुळवतात. तंबोऱ्याचा तो दागिना आहे. गिटारला तीच झणझण दोष ठरते. तक्त्यात आमच्याकडे दोनच जागा सापडल्या.

*८. विजेची बाजू.* आधी अॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर, मग वायर लावा, मग आवाज हळूहळू वाढवा. उलटं केलंत तर ‘धाड्’ आवाजाने स्पीकर जायची भीती. आता सहाही तारा सारख्या जोराने छेडा. सगळ्यांचा आवाज सारखा येतो का? एखादी तार दबकी वाटते का? प्रत्येक बटण खालपासून वरपर्यंत सरकवा, खरखर येते का? वायरचं टोक हलवून बघा. गिटारवरचा ट्यूनर मोबाइलच्या अॅपशी जुळतो का तेही पाहा.

मग ठरवायचं : ठेवावी की परत करावी?

परत करण्याची कारणं : पिळलेली मान, उचललेली घोडी, सैल फ्रेट, फिरत नसलेली ट्रस रॉड, स्पीकरवर बंद पडणारी किंवा सतत खरखरणारी बाजू. आणखी एक, तारा खूप उंच आहेत आणि सॅडल मात्र आधीच जवळजवळ घोडीत बुडालेलं आहे, तर उतरवायला जागाच नाही. तीही परत करा.

जुळवून घेण्यासारख्या गोष्टी : मानेचा बाक, तारांची उंची, नटच्या खाचा, जुन्या तारा, संपलेली बॅटरी. आमच्या गिटारीत दुसऱ्या यादीतलेच दोष होते. मुदत संपली असूनही वाचलो ते नशिबाने, शहाणपणाने नव्हे.

भाग २ : जुळवणी

*१. आधी तारा बदला.* आम्ही १० नंबरच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच) हलक्या तारा लावल्या. ताण कमी होतो, बोटांना आराम मिळतो, आवाज थोडा हलका होतो. हे पहिल्यांदा करायचं, कारण ताण कमी झाला की मान आपोआप थोडी सरळ होते. आमचा बाक ०.५ वरून ०.४ मिमी झाला.

*२. ट्रस रॉड.* घड्याळाच्या दिशेने फिरवली की आवळते आणि बाक कमी होतो. उलट दिशेने सैल होते. एका वेळी फक्त पाव फेरा. मग तारा पुन्हा सुरात लावून मोजा, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. बरोबर मापाचीच अॅलन की वापरा. जोर लावावा लागला तर थांबा आणि दुकानात न्या. आम्हाला पाव फेरा पुरला. बाक ०.२ मिमीवर आला आणि उंची सहावीची ३.४, पहिलीची ३ मिमी झाली.

लक्षात घ्या, ट्रस रॉड उंची कमी करायचं साधन नाही. ती फक्त बाकासाठी. बरेच जण इथे चुकतात आणि मान उलटी वाकवून बसतात.

*३. नट.* याच्या खाचा घासायला तारेच्या जाडीच्या खास कानशी लागतात. हे मी केलं नाही. तालुक्याच्या गावी वाद्यदुरुस्तीवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी माझ्यासमोर पंधरा मिनिटांत काम केलं. खाच जास्त खोल गेली तर नट बदलावा लागतो, म्हणून माझा सल्ला, हे काम जाणकाराचंच.

*४. सॅडल घासणे.* इथे गणित आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तारेचं एक टोक नटवर स्थिर, दुसरं सॅडलवर. सॅडल १ मिमी उतरवलं तर मध्यावर तार अर्धा मिमी उतरते. (सीसॉचं टोक आणि त्याचा मध्य आठवा.) म्हणजे मध्यावर जितकं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडल घासायचं. आम्हाला ३.४ वरून २.६ वर यायचं होतं. फरक ०.८. म्हणून सॅडल १.६ मिमी घासायचं. आमचं सॅडल घोडीच्या वर ५ मिमी होतं, म्हणजे ३.४ मिमी उरणार होतं. पुरेसं.

तारा सैल करून, पिना काढून सॅडल वर ओढून घ्या. खालची पिझोची पट्टी आणि तिची वायर दुखवू नका. नेहमी खालची बाजू घासायची, वरची गोलाई तशीच ठेवायची. पेन्सिलने रेघ मारून घ्या.

आता माझी चूक सांगते. मी पॉलिश पेपर हातात धरून सॅडल त्यावर घासलं. उंची छान आली. तारा लावल्या, हात हलका झाला, मी खूश. स्पीकरला लावली तर पहिली आणि दुसरी तार गायब! हातात धरून घासल्यामुळे सॅडलची एक बाजू गोल झाली होती. तिथे सॅडल आणि पिझो यांच्यात फट राहिली. दाब नाही तर वीज नाही, वीज नाही तर आवाज नाही. साध्या अकॉस्टिक गिटारला एवढी चूक कदाचित खपून गेली असती. इलेक्ट्रोला खपत नाही.

नवीन प्लास्टिकचं सॅडल आणलं. या वेळी कडप्प्याच्या सपाट ओट्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि सॅडल उभं धरून, सारखा दाब देत, मधूनमधून उलटं फिरवत घासलं. दर थोड्या वेळाने आरशावर उभं ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहिलं. उजेड दिसला नाही तेव्हा थांबले. सहाही तारा बोलल्या. जुनं सॅडल मुलांना दाखवायला विज्ञानाच्या कपाटात ठेवलंय.

*५. पुन्हा मोजा.* सहावी २.६ मिमी, पहिली २.२ मिमी. बाराव्या फ्रेटवरचा फरक १२ सेंटवरून ५ वर आला. झणझणीच्या जागा मात्र २ वरून ५ झाल्या, सगळ्या बाराव्या फ्रेटच्या पुढे. तार खाली आणली की हे थोडं होणारच. मुलं तिथे वाजवत नाहीत, म्हणून आम्ही ते स्वीकारलं.

आमचं गुणपत्रक (जुळवणीपूर्वी → जुळवणीनंतर, प्रत्येकी १० पैकी)

लाकूडकाम व जोड : ८ → ८
मान व फ्रेट : ६ → ८
वाजवण्यातली सुलभता : ३ → ८
सुरांचा खरेपणा : ५ → ८
स्पीकरवरचा आवाज : ६ → ७
एकूण (५० पैकी) : २८ → ३९

खर्च : तारा ४००, नटची मजुरी २००, सॅडल १५०. एकूण ७५० रुपये, म्हणजे किमतीच्या बरोबर १० टक्के. पालकांना माझं सांगणं, गिटार घेताना हे दहा टक्के आधीच बाजूला ठेवा. साडेसातची ऐपत असेल तर पावणेसातची घ्या आणि उरलेल्यात ती जुळवून घ्या.

स्पीकरच्या आवाजाला ७ च का? पिझोचा आवाज थोडा कोरडा, ‘टणत्कारी’ येतो. या किमतीत तो असतोच. मधल्या पट्टीचं बटण (मिडल) थोडं खाली आणलं की बरा वाटतो. शाळेच्या अॅम्प्लिफायरला माइकच्या जागी लावल्यावर आवाज फाटत असेल तर गिटारचा आवाज कमी ठेवा किंवा जोडणी बदलून ऑक्सच्या जागी लावा. आणि ‘कुंऽऽ’ असा घुमणारा आवाज आला तर समजा, स्पीकरचा आवाज पेटीला हलवतोय, पेटी पुन्हा स्पीकरला. स्पीकरसमोरून बाजूला व्हा, बेस कमी करा, ‘फेज’चं बटण असेल तर दाबून बघा.

वर्गात वापर

- *अपूर्णांक :* आमच्या गिटारची तार नटपासून सॅडलपर्यंत ६५ सेंमी. बारावा फ्रेट ३२.५ सेंमीवर, म्हणजे १/२. सातवा जवळपास २१.७ वर, म्हणजे १/३. पाचवा जवळपास १६.३ वर, म्हणजे १/४. मुलांना पट्टी देऊन शोधायला लावा.
- *निरीक्षण :* पहिल्या फ्रेटचं नटपासूनचं अंतर ३.६ सेंमीच्या आसपास, पण अकराव्या-बाराव्यामधलं १.९ च्या आसपास. फ्रेट जवळ जवळ का येतात? प्रत्येक पायरीला उरलेल्या लांबीचा ठरावीक भाग कमी होतो, म्हणून.
- *विज्ञान :* लायटर, सॅडल, स्पीकर. दाबातून वीज आणि विजेतून पुन्हा आवाज.
- *शेकडेवारी आणि तक्ता :* वरचं गुणपत्रक मुलांनीच भरलं आहे.

काळजी

पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं, फळी फुगते आणि तारा वर येतात. उन्हाळ्यात उलट : लाकूड आक्रसतं, तारा खाली येतात, फ्रेटची टोकं बोचू लागतात. म्हणून वर्षातून दोनदा, पाऊस सुरू झाल्यावर आणि उन्हाळा लागल्यावर, बाक आणि उंची मोजून वहीत लिहा. पत्र्याखाली, उन्हात किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. मे महिन्याच्या सुट्टीत तारा थोड्या सैल करा. आणि वायर गिटारला लावून ठेवू नका. वायर आत घातली की प्रीअॅम्प सुरू होतो, मग कुणी वाजवो न वाजवो. आमच्या दोन बॅटऱ्या अशाच गेल्या.

लहान हातांसाठी आणखी एक युक्ती. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून द्या. पुढचे फ्रेट जवळ असतात, नटची अडचण राहत नाही आणि तारही दाबायला सोपी जाते. सुरुवातीला दहा मिनिटंच सराव. बोटांची टोकं थोडी हुळहुळणं नेहमीचं आहे. पण दोन हातांचा जोर लागत असेल, मनगट दुखत असेल, पेन्सिल धरवत नसेल, तर आधी गिटार मोजा.

शेवटी

जुळवणी झाल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. आईला सांगितलं, "ताई, तिची चूक नव्हती. गिटारच नीट नव्हती, आणि मी बघितलं नाही." आई काही बोलली नाही, चहा टाकला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरगी आली. तार दाबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, ही दुसरी आणली का?"

ती काही मोठी वादक झालेली नाही. ई मायनर आणि डी असे दोन कॉर्ड तिला येतात, आणि शिक्षक दिनाला समूहगीताला तिने तेवढ्यावर साथ केली. एकदा अडखळली, पुन्हा ठेक्यात आली. नोंदवहीतली ती ओळ मी खोडली आणि खाली लिहिलं, ‘अडचण आली तरी पुन्हा प्रयत्न करते.’

फळा दिसत नाही म्हणून मागे पडलेलं मूल आपण सगळ्यांनी पाहिलंय. चष्मा लागल्यावर तेच मूल घडाघडा वाचतं. वाद्याचंही तसंच असतं. तुमच्या शाळेत एखादी गिटार कपाटावर धूळ खात पडली असेल, "मुलांना जमत नाही" म्हणून, तर उद्या ती खाली काढा आणि बाराव्या फ्रेटवर पट्टी लावा. किती भरली ते कळवा. आपण मिळून बघू.